लाल ओळी

रात्री दोनला पाच मिनिटं असताना माझा गजर व्हायचा. मोबाइल उशीखाली, आवाज बंद, नुसतं थरथरणं. आईची झोप इतकी सावध की पलीकडच्या खोलीत पापड मोडला तरी तिला कळे. अंधारात चाचपडत मॉडेमचं बटण दाबायचं, दिवे लुकलुकून स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि घड्याळात दोन वाजून दोन मिनिटं झाली की मगच डाउनलोड सुरू करायचं. दोन मिनिटं उगाच, सावधगिरी म्हणून. बीएसएनएलच्या डेटावन ब्रॉडबँडच्या पाचशेच्या प्लॅनमध्ये दोन ते आठ कितीही वापरा, हिशेब नव्हता. एरवी एकेक एमबी मोजून.

हे सोलापुरात, २००६ सालचं. संगणकाला वेळ लावून देऊन झोपता येत नव्हतं का? येत होतं, तसं केलंही होतं. पण तेव्हा भारनियमनाने रोज लाइट जायची आणि आमच्या मदरबोर्डवरचा सेल कधीच मेलेला. लाइट गेली की संगणकाचं घड्याळ थेट २००२ सालात. त्याला जेव्हा रात्रीचे दोन वाजले असं वाटलं, तेव्हा आमच्याकडे भर दुपारचे चार वाजले होते. त्या महिन्याचं बिल चार आकडी आलं. बाबा काही बोलले नाहीत, बिल फक्त फ्रीजवर चिकटवून ठेवलं. तेव्हापासून गजर.

वेग २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर ३२ किलोबाइट. उबुंटू या फुकट, खुल्या लिनक्स प्रणालीची ७०० एमबीची सीडी या वेगाने उतरवायला सव्वासहा तास लागतात आणि आमच्याकडे होते सहा. त्यामुळे सगळं सुरळीत झालं तरी ९६ टक्क्यांवर आठ वाजायचे. उरलेल्या चार टक्क्यांसाठी पुढच्या रात्री पुन्हा गजर. उबुंटूचंच नाव का घेतो, हे जाणकारांना कळलं असेलच. टॉरंटबद्दल, म्हणजे फाइली आपसात वाटून घेण्याच्या पद्धतीबद्दल, लिहिताना प्रत्येक जण कायदेशीर लिनक्सच उतरवत असतो. मीही उतरवत होतो. पण सहाही तास, रोज, लिनक्सच नव्हतं.

माझा मामेभाऊ तेव्हा अमेरिकेत शिकत होता. आमच्या रात्री दोनला त्याच्याकडे आदल्या दिवसाची दुपार, त्यामुळे जीटॉकवर भेट व्हायचीच. २००७ च्या मार्चमधली गोष्ट. दादाने एकदम विचारलं, "तुझ्याकडे पीअरगार्डियन आहे का?"

"नाही. का?"

"इकडे पोरांना पत्रं येतायत. तीन-चार हजार डॉलर भरा, नाहीतर कोर्टात या."

ते खरंच होतं. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने २००३ च्या सप्टेंबरात गाणी फुकट वाटल्याबद्दल पहिल्या झटक्यात २६१ जणांवर खटले भरले होते, त्यात न्यूयॉर्कमधली एक बारा वर्षांची मुलगीही होती. २००७ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी मोर्चा विद्यापीठांकडे वळवला आणि एका दमात १३ विद्यापीठांना ४०० पत्रं धाडली. वसतिगृहातला अमुक पत्ता वापरणाऱ्या विद्यार्थ्याला हे पोचवा, अशी. दादाच्या मजल्यावरच्या एकाला त्यातलंच एक आलं होतं. तो मुलगा आठवडाभर मेसमध्ये जेवायला आला नाही म्हणे.

सोलापूरला कोण पत्र पाठवणार होतं? पण रात्री दोन वाजता एकट्याने काहीतरी उतरवत बसलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. त्याला फक्त पत्र दिसतं.

टॉरंट म्हणजे पंगत. एक वाढपी आणि शंभर जेवणारे असा प्रकार नाही. ज्याच्या पानात वरण पडलं त्याने शेजाऱ्याला वरण वाढायचं, ज्याला जिलेबी मिळाली त्याने जिलेबी पुढे सरकवायची. फाइलचे तुकडे असे हातोहात फिरतात. पण वाढायचं तर पानावर कोण कोण बसलंय हे कळायला हवं. म्हणून ट्रॅकर नावाचा एक कारभारी दाराशी यादी घेऊन बसलेला असतो. कुणीही यावं, विचारावं, त्याने सगळ्यांचे पत्ते द्यावेत. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे तोच तो पत्ता. पाळत ठेवणारे काही कुलूप फोडून येत नव्हते. ते पंगतीत पाट मांडून बसत, काही वाढत नसत, शेजारी कोण आहे तेवढं टिपून घेत.

त्यावर उतारा म्हणजे दादाने सांगितलेला पीअरगार्डियन. २००३ पासून तो फिरत होता. या टेहळ्यांच्या पत्त्यांची एक यादी असायची, स्वयंसेवक ती सांभाळत, रोज तीत भर घालत. यादीतल्या पत्त्यावरून काही आलं की हा दारातच अडवणार, आणि आपल्याकडून तिकडे काही निघालं तरी अडवणार. ईम्यूल या फाइली वाटण्याच्या दुसऱ्या प्रोग्रामवाल्यांकडे याच कामाची आयपीफिल्टर नावाची साधी मजकुराची फाइल असे. नोटपॅडमध्ये उघडली की एकाखाली एक ओळी: डावीकडे एक पत्ता, मग आडवी रेघ, मग दुसरा पत्ता, स्वल्पविराम, तीन शून्यं, पुन्हा स्वल्पविराम आणि शेवटी कुणाचं तरी नाव. या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत सगळे आत घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. नावांमध्ये रेकॉर्ड कंपन्या होत्या, सरकारी खाती होती, विद्यापीठं होती, आणि अशीही नावं होती की त्यांनी कुणाचं काय बिघडवलं असेल ते देव जाणे. यादीत कुणाला कशासाठी घातलं, याला पुरावा कुणी मागत नव्हतं. मीही नाही.

मी तो बसवला. खिडकीच्या माथ्यावर आकडा आला, इतके इतके पत्ते अडवत आहे. आकडा कोटींच्या घरात. जगात मुळात असे पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी, त्यातले एवढे एका फटक्यात माझे शत्रू. मग यूटोरंट हा टॉरंट उतरवणारा प्रोग्राम चालू केला आणि लाल ओळी सुरू झाल्या. वेळ, नाव, पत्ता, आणि पुढे शब्द: ब्लॉक्ड. एक, मग तीन, मग भराभरा. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. इतकी माणसं माझ्या दारावर धडका देत होती आणि मला पत्ता नव्हता!

पुढचे कित्येक दिवस मला उतरणाऱ्या फाइलपेक्षा त्या लाल ओळी बघण्यातच जास्त गोडी वाटली. सकाळी कॉलेजात मित्राला सांगायचो, "काल रात्रीत चारशे अडवले." जसे काही मी तलवार घेऊन बसलो होतो. आता कळतं, त्या ओळींतल्या बऱ्याचशा धडका नव्हत्याच. कित्येकदा माझंच यंत्र ट्रॅकरकडून यादी घेऊन त्या पत्त्यांचं दार वाजवायला निघालेलं असायचं आणि पीअरगार्डियन त्यालाच कॉलरला धरून मागे ओढायचा.

फायरवॉलची कथा आणखी मजेची. आजोळी बार्शीला आमचा वाडा होता. त्याचा मोठा दरवाजा मी उघडलेला पाहिला तो फक्त मामाच्या लग्नात. एरवी ये-जा त्या दरवाजाच्या पोटातल्या दिंडीतून, तीही वाकून. फायरवॉल म्हणजे नेटवरून येणाऱ्या आगंतुकाला आत न घेणारा तो मोठा दरवाजा. विंडोज एक्सपीमध्ये तो होताच, पण २००४ च्या ऑगस्टात सर्व्हिस पॅक दोन ही विंडोजची मोठी सुधारणा आली तेव्हा तो आपोआप लागलेला मिळू लागला. आदल्या वर्षी ब्लास्टर नावाच्या किड्याने नेटला नुसत्या जोडलेल्या संगणकांचं जे केलं होतं, ते पाहता फार लवकर लागला असं नाही.

पण टॉरंटला दिंडी लागते. बाहेरचा माणूस आपणहून आत येऊ शकला नाही तर देवाणघेवाण रडतखडत चालते. यूटोरंटच्या तळाशी पिवळा त्रिकोण दिसायचा, दार वाजवणारे परत जातायत असा. ईम्यूलमध्ये तर सरळ 'लो आयडी' म्हणून पंक्तिप्रपंच. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहायचं, मॉडेमचं पान उघडायचं, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन, आणि तिथे नियम लिहायचा की या क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दिंडीवर, कुणी आलं तर त्याला १९२.१६८.१.२ कडे, म्हणजे माझ्या संगणकाकडे, पाठवून द्या. जतन केलं, मॉडेम बंद-चालू केला, त्रिकोण जाऊन हिरवी खूण आली. अकरा रात्रींची खटपट होती ती. नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही इतका आनंद झाला नसेल.

शिवाय झोनअलार्म हा फायरवॉलचाच दुसरा पहारेकरी होता. तो दर पाच मिनिटांनी विचारायचा: जेनेरिक होस्ट प्रोसेस इंटरनेटवर जाऊ पाहत आहे, जाऊ देऊ? बाबांनी एकदा मागे उभं राहून ते वाचलं.

"कोण हा?"

"माहीत नाही."

"मग हो का म्हणतोस?"

"नाही म्हटलं तर नेट बंद पडतं."

बाबा तेव्हा पोस्टात होते. अनोळखी माणसाची ओळख पटल्याशिवाय मनिऑर्डर न देण्यात त्यांची हयात गेली. ते मान हलवत निघून गेले. मी पुढच्या खिडकीत 'पुन्हा विचारू नका' वर खूण केली.

याहून मोठा विनोद पुढे आहे. त्याच सर्व्हिस पॅकने आणखी एक गोष्ट केली होती. एका वेळी दहाच्या वर अर्धवट जोडण्या उघड्या ठेवता येणार नाहीत, अशी मर्यादा घातली. किडे भराभर पसरू नयेत म्हणून. टॉरंटवाल्यांना ते गळ्याला फास लावल्यासारखं वाटलं. मग विंडोजची एक गाभ्यातली फाइल बदलणारा छोटासा प्रोग्राम जगभर फिरू लागला. मी तो कुठल्याशा साइटवरून उतरवला, कुणी लिहिला ते न पाहता चालवला, विंडोजने हरकत घेतली ती झटकून टाकली. शेजारच्या खिडकीत तेव्हा कोट्यवधी अनोळखी पत्ते माझ्यापासून दूर ठेवले जात होते.

ते काम व्यवस्थित चाललं होतं, म्हणूनच बहुधा मला आणखी हवं झालं. याद्यांचे प्रकार होते: जाहिरातवाल्यांची वेगळी, हेरगिरी करणाऱ्यांची वेगळी, देशोदेशींचीही वेगळी. म्हणजे अख्खा देशच नको असेल तर त्याचे सगळे पत्ते एका फाइलीत. एका रात्री अंगात आलं आणि मी मिळतील त्या सगळ्या याद्या घालून टाकल्या. लाल ओळींचा पाऊस पडला. बँकेचं पान उघडेना, कॉलेजच्या निकालाचं उघडेना, तेव्हा वेब तेवढी सोडून देण्याचं बटण दाबलं आणि बाकी तसंच ठेवलं.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मित्राने त्याच्या आजोबांचा ठेवा टॉरंटवर ठेवला होता. रेडिओवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, सत्तरच्या दशकातल्या कॅसेटी. मध्येच आजोबांच्या खोकल्याचा आवाज, एकदा कुकरची शिट्टी. हे दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं आणि जगात तो एकटाच ते वाढायला बसला होता. मी तीन रात्री दोनला उठलो. तिन्ही रात्री शून्य टक्के. तो फोनवर म्हणे, "अरे मी चालू आहे, नागपूरवाल्याने घेतलंसुद्धा." मी म्हणे, तुझंच पोर्ट बंद असणार. त्याने बिचाऱ्याने त्याचा मॉडेम दोनदा उलथापालथा केला.

चौथ्या रात्री मी सहज त्या लाल ओळींतली नावं वाचायला लागलो. इतके दिवस फक्त मोजत होतो, वाचलं नव्हतं. ओळीमागून ओळ एकच नाव: इंडिया. इंडिया. इंडिया. मी आमचा स्वतःचा देश अडवून बसलो होतो. आणि यादीत शोधलं तर आमच्या मॉडेमला त्या रात्री मिळालेला पत्तासुद्धा त्यातच. म्हणजे माझ्यासारखाच कुणी उत्साही फिनलंडात किंवा ब्राझीलमध्ये असेल तर त्याच्या पडद्यावर मी लाल ओळ होतो. तो सकाळी मित्राला सांगत असेल, काल चारशे अडवले. त्या चारशेत मी एक.

सोलापूरच्या माणसाने यावर फक्त हसून चालत नाही. आमच्याकडे अजून रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि यादीत जमातीचं नाव आहे म्हणून माणसांना, बायकापोरांसकट, इथे तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. हजेरी द्यायची, विचारून बाहेर जायचं. अमक्याने काय केलं हा प्रश्नच नाही, अमका कुठल्या ओळीत जन्मला एवढंच. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून किती पुसला ते तिथल्या पोरांना नोकरी मागताना कळतं. आकड्यांच्या पत्त्यांना आणि हाडामांसाच्या माणसांना एका तागडीत घालतोय, हे मला कळतं. पण 'या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत' ही ओळ पाहिली की मला ती तार आठवते, याला माझा इलाज नाही.

आजोबांच्या कॅसेटी पाचव्या रात्री उतरल्या. खोकल्यासकट.

बरं, या याद्यांचा उपयोग तरी किती होता? कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या तिघांनी तेव्हाच ग्नुटेला या फाइली वाटण्याच्या जाळ्यावर ९० दिवस मोजदाद केली होती. यादी न वापरणाऱ्याची यादीतल्या कुणाशी तरी गाठ पडतेच, शंभर टक्के. तो ज्यांना भेटतो त्या पत्त्यांतले १२ ते १७ टक्के यादीतले असतात. पण त्यातले जवळजवळ ९४ टक्के पत्त्यांच्या फक्त पाच पट्ट्यांतले. तेवढ्या पाच टाळल्या तर गाठ पडण्याची शक्यता एक टक्क्यावर येते. म्हणजे माझ्या कोटींपैकी कामाच्या पाच ओळी! आणि यादीतला प्रत्येक जण टेहळ्याच, असं तेही कुठे म्हणत नव्हते.

त्याहून मला सिॲटलचा प्रयोग आवडतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. ट्रॅकरच्या यादीत स्वतःच्या पत्त्याऐवजी भलताच पत्ता नोंदवता येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपल्या विभागातल्या प्रिंटरचे पत्ते दिले. काही दिवसांत प्रिंटरला तक्रारीची पत्रं आली, अमुक चित्रपट बेकायदा उतरवल्याबद्दल. प्रिंटर बापडा कोपऱ्यात कागद खात उभा. यातून दुहेरी गोष्ट उघडी पडली. पाळत ठेवणारे कित्येकदा दार वाजवायलाही येत नाहीत, कारभाऱ्याची यादी वाचून परस्पर पत्र टाकतात. आणि ते दाराशी येतच नसतील, तर दारात उभा केलेला पीअरगार्डियन अडवणार कुणाला? माझ्या हजारो लाल ओळी खऱ्याच होत्या, फक्त ज्याची भीती होती तो त्या रस्त्याने येत नव्हता.

उघडं पडायचं ते बहुतेक वेळा घरातूनच. काझा या फाइली वाटण्याच्या प्रोग्रामच्या भराच्या काळात, २००२ मध्ये, एचपीच्या प्रयोगशाळेत बारा जणांना विचारलं होतं की काझा लावलेल्या या संगणकावरून जगाला काय काय वाटलं जातंय ते सांगा. बरोबर उत्तर दोघांनी दिलं. बाकीच्यांना ते नीट सांगता आलं नाही. आणि खुद्द टेहळ्यांचंही तसंच झालं. मीडियाडिफेंडर ही त्या धंद्यातली नामांकित कंपनी. तिच्यातल्या एकाने ऑफिसचे मेल आपल्या जीमेलवर वळवून ठेवले होते. २००७ च्या सप्टेंबरात ते सहा हजारांवर मेल जगजाहीर झाले. कशावरून पसरले, ते सांगायला नको. मीही उतरवले. दोन वाजता.

मग नोकरी लागली, पुणे आलं, गजर सकाळी साडेसहाचा झाला. पीअरगार्डियन बंद पडला, त्याचा वारस पीअरब्लॉक आला, तोही थकला. मी ते सगळं विसरलो होतो.

२०१६ च्या ऑक्टोबरात मिराई नावाच्या किड्याची बातमी आली. घरोघरच्या कॅमेऱ्यांना आणि राउटरना पकडून त्यांची फौज करायची आणि कुणाच्या तरी अंगावर सोडायची, असा तो प्रकार. २१ तारखेला त्या फौजेने अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या साइट काही तास आडव्या केल्या. त्याचा मूळ कोड आधीच खुला झाला होता, म्हणून पाहिला. त्यातही एक यादी होती. कारखान्यातून येतानाच घातलेली नावं आणि पासवर्ड, साठेक जोड्या. बस्स. आम्ही कोट्यवधी पत्त्यांची यादी घेऊन पहारा करत होतो, यांना साठ पुरले. यादीत खाली खाली जाताना एक ओळ दिसली आणि पोटात खड्डा पडला. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन.

आठवड्याने दिवाळी होती. सोलापूरला पोचलो, आईने उटणं भिजवलं होतं, ते ठेवून आधी लॅपटॉप उघडला. १९२.१६८.१.१. तेच निळं पान, तोच जुना मॉडेम, फक्त शेजारी वाय-फायचा डबा आलेला. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. उघडलं. आणि पोर्टच्या पानावर माझा २००६ चा नियम जसाच्या तसा: या क्रमांकावर कुणी आलं तर १९२.१६८.१.२ कडे पाठवा. माझा संगणक भंगारात जाऊनही सहा वर्षं झाली होती. त्या पत्त्यावर आता तो वाय-फायचा डबा होता, त्याच्या पलीकडे बाबांचा फोन, आईचा फोन. दहा वर्षं दिंडी उघडी, आणि दिंडीशी मी बसवलेला पहारेकरी दुसऱ्याच गावी.

नियम पुसला. पासवर्ड बदलला, चांगला चौदा अक्षरांचा, आकडे-चिन्हं घालून. मॉडेम बंद-चालू केला.

"अरे, माझं कीर्तन थांबलं," बाबा आतून म्हणाले.

"दोन मिनिटं. पासवर्ड बदललाय. कुणाला सांगू नका."

"थांब, लिहून घेतो." ते चष्मा शोधत बाहेर आले, पेन घेतलं आणि मी एकेक अक्षर सांगत गेलो तसं त्यांनी ते ठळक, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. दाराशेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर, ऑक्टोबरच्या पानावर, गॅस लावल्याची तारीख आणि दुधाच्या खाड्यांच्या बरोबर खाली.